तळघरातील पावसाळी गळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी

तळघराच्या भिंतीवर ओल दिसली की बहुतेक जण आधी आतून लावायचा वॉटरप्रूफ रंग आणतात, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच रंगाचे पोपडे जमिनीवर पडलेले पाहतात. यात रंगाचा दोष फारसा नसतो. पाऊस मुरल्यावर भिंतीच्या बाहेरची माती पाण्याने भरते, आणि एक मीटर उंचीपर्यंत साठलेले पाणी आपल्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन इतका दाब देते. हा दाब भिंतीच्या छिद्रांतून आत येतो आणि आतल्या बाजूने चिकटवलेल्या पातळ थराला भिंतीपासून दूर लोटत राहतो. त्यामुळे कामाचा क्रम ठरवताना पाण्याच्या प्रवासाची दिशा लक्षात ठेवावी. पाणी भिंतीपर्यंत पोहोचणारच नाही अशी व्यवस्था सर्वांत आधी करावी, तरीही पोहोचेल त्याला निचऱ्याची वाट द्यावी, आणि भेगा व लेप यांकडे त्यानंतर वळावे. पहिल्या टप्प्यातली कामे सर्वांत स्वस्त असतात, आणि बऱ्याच घरांत दुरुस्ती तिथेच संपते.

पाणी साचलेले असेल तर

तळघरात पाणी साचलेले असताना, विशेषतः ते सॉकेट, वायरी किंवा एखाद्या यंत्रापर्यंत पोहोचले असताना, वीज बंद केल्याशिवाय पाय ठेवू नये. मेन स्विच तळघरातच असेल आणि तिथवर जायला पाण्यातून चालावे लागत असेल, तर पुरवठा बाहेरून बंद करून घ्यावा. पंप किंवा हातातील विजेचे हत्यार वापरताना ते ३० मिलिअँपिअरच्या अर्थ लीकेज ब्रेकरवरून, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरून, चालवावे.

पाणी उपसण्याची घाई हा दुसरा धोका आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तळघर बरेच भरलेले असेल तर आतले पाणी बाहेरच्या भिजलेल्या मातीचा दाब काही अंशी तोलून धरत असते. ते एकदम काढून टाकले तर भिंतीवर एका बाजूचाच दाब उरतो आणि भिंत आत झुकू शकते, प्रसंगी कोसळूही शकते. म्हणून बाहेरचे पाणी ओसरू लागल्यावरच उपसा सुरू करावा, दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढावे आणि पातळीची खूण भिंतीवर करून ठेवावी. रात्रीतून पातळी पुन्हा वर आली, तर बाहेरची माती अजून भरलेली आहे असे समजून थांबावे. फरशीवरच्या बोटभर पाण्याला अर्थातच हा नियम लागू नाही.

पाणी कुठून येते ते आधी ठरवा

संपूर्ण दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला द्यावा. निदान चुकले तर पुढचा सगळा खर्च वाया जातो, आणि गळतीच्या बाबतीत निदान चुकणे फार सोपे असते, कारण पाणी भिंतीत जिथून शिरते तिथेच ते आत दिसेल असे नसते. ते वरच्या भेगेतून शिरून पोकळ विटांमधून खाली उतरते आणि तीन-चार मीटर दूर, कोपऱ्यात प्रकट होते.

पहिला प्रश्न असा की हे पाणी पावसाचे आहे का. घरातील सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे पाहावे. काटा फिरत असेल तर कुठेतरी नळजोडणी गळत आहे. कोरड्या हवामानातही ओल तशीच राहत असेल तर संशय आधी पाइपांवर घ्यावा. दुसरी शक्यता हवेतील दमटपणाची. तळघराच्या भिंती थंड असतात, आणि उबदार, दमट हवा त्यांना लागली की तिच्यातील बाष्प भिंतीवर थेंबांच्या रूपाने जमते. ही ओल गळतीसारखीच दिसते, पण तिच्यावरचा उपाय पूर्णपणे वेगळा असतो. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडील बाजूवर आले तर ते हवेतील बाष्प आहे. भिंतीकडील बाजूवर आले तर पाणी भिंतीतून पाझरत आहे. दोन्ही बाजू ओल्या झाल्या तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आहेत, आणि असे अनेकदा होते. बाष्पाचा प्रश्न असेल तर दमट दिवसांत खिडक्या उघड्या ठेवल्याने तो वाढतो, हे आवर्जून सांगायला हवे, कारण ओल दिसली की ‘हवा खेळू द्या’ असा सल्ला हमखास मिळतो.

पाणी पावसाचेच आहे हे पक्के झाल्यावर वेळेची नोंद ठेवावी. पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत गळती दिसते आणि पाऊस थांबल्यावर लवकर ओसरते, तेव्हा छताचे किंवा अंगणाचे पाणी भिंतीलगत साचून थेट आत येत असते. पावसानंतर दिवस-दोन दिवसांनी गळती सुरू होऊन ती बराच काळ टिकत असेल, तर जमिनीखालील पाण्याची पातळी तळघराच्या फरशीपर्यंत वर आलेली असते. पहिल्या प्रकारात काम मुख्यतः बाहेर आणि वर असते, दुसऱ्यात आतला निचरा आणि पंप यांना पर्याय नसतो. वाऱ्याची दिशाही लिहून ठेवावी. एकाच दिशेच्या पावसात गळती होत असेल तर पाणी जमिनीखालून न येता जमिनीवरच्या भिंतीतून, खिडकीच्या चौकटीतून किंवा पाइपाभोवतीच्या फटीतून शिरत असण्याचा संभव अधिक.

फरशीतील जाळीतून पाणी वर येत असेल आणि ते गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त असेल, तर तो पाझर नव्हे. मुसळधार पावसात भरलेली सांडपाण्याची वाहिनी उलटी वाहत असते. अशा ठिकाणी भिंतीवर काहीही केले तरी उपयोग नाही. वाहिनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवून घ्यावा लागतो, आणि छताचे पाणी त्याच वाहिनीत सोडलेले असेल तर ते आधी तोडावे लागते.

जागा नेमकी शोधण्यासाठी कोरड्या दिवशी नळीने पाणी सोडून पाहणे हा उत्तम उपाय आहे. एकाने बाहेर उभे राहावे, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन. नळीचा जोर कमी ठेवून भिंतीलगतच्या जमिनीवर एकाच जागी किमान १५ ते २० मिनिटे पाणी सोडावे, आत काही दिसले नाही तरच पुढच्या जागी सरकावे. जमिनीपासून सुरुवात करून मग खिडकीच्या खालची कड, चौकट आणि त्यावरची भिंत असे वर जात राहावे; उलट क्रमाने गेल्यास वरचे पाणी खाली ओघळते आणि नेमके काय गळले ते कळत नाही. जिथे पाणी दिसेल तिथे खडूने खूण करून वेळ लिहावी.

भिंतीवर पांढरी पूड किंवा मऊ कापसासारखे थर दिसले तर तो लोणा होय. भिंतीतून आलेले पाणी उडून गेले आणि त्यातील क्षार मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. लोण्याची वरची कड साधारणपणे पाणी कुठवर चढले होते ते दाखवते, म्हणून तो पुसण्याआधी छायाचित्र काढून ठेवावे. काढताना कोरड्या ताठ ब्रशने झाडून गोळा करावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात.

छत, पन्हळ आणि अंगणाचा उतार

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छतावर २५ मिलिमीटरची एक सर आली तर अडीच हजार लिटर पाणी खाली येते. हे सगळे पाणी पन्हळीतून एक-दोन उभ्या पाइपांत जाते आणि ते पाइप घराच्या कोपऱ्यावर, पायाला लागूनच मोकळे होत असतील, तर तळघर कोरडे राहण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

म्हणून पहिले काम पन्हळीचे. साचलेला पालापाचोळा काढावा, सांधे पाहावेत, आणि पन्हळीला उतरत्या पाइपाच्या दिशेने दर तीन मीटरला साधारण १० मिलिमीटर उतार आहे का ते तपासावे. भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहून पाणी नेमके कुठून ओसंडते ते पाहणे कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक उपयोगी ठरते. त्यानंतर प्रत्येक उभ्या पाइपाला जोडपाइप लावून पाणी भिंतीपासून किमान दोन मीटर, शक्य असल्यास तीन मीटर दूर सोडावे. पाण्याचा वेग मोडावा म्हणून टोकाशी सिमेंटचा किंवा दगडाचा तुकडा बसवावा. हा पाइप आधीच जमिनीखाली पुरलेला असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये; वरून नळी सोडून दुसऱ्या टोकाला तितकेच पाणी बाहेर पडते का ते पाहावे. मुळांनी फुटलेला किंवा गाळाने बुजलेला पुरलेला पाइप छताचे सगळे पाणी पायाच्या शेजारी मुरवत असतो, आणि वरून काहीच दिसत नसल्याने वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही.

दुसरे काम उताराचे. घर बांधताना पायासाठी खोदलेला खड्डा नंतर सैल मातीने भरला जातो. ही भरावाची माती पुढे काही वर्षे खचत राहते, आणि त्यामुळे सुरुवातीला योग्य असलेला उतार कालांतराने उलटा होतो; म्हणजे अंगणातील पाणी घराकडे वाहू लागते. भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन किमान १५ सेंटिमीटर खाली उतरावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. फरसबंदी असेल तर दर मीटरला दोन सेंटिमीटर पुरतात. मोजण्यासाठी भिंतीजवळ आणि तीन मीटरवर असे दोन खुंट रोवून त्यांच्यात दोरी ताणावी, पाणसळीने ती समपातळीत आणावी आणि दोन्ही टोकांना दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर घेऊन फरक काढावा.

भराव घालताना वाळू किंवा खडी वापरण्याचा मोह टाळावा. त्यांतून पाणी सरळ खाली जाते, म्हणजे दिसायला उतार होतो आणि पाणी मात्र पायाशीच पोहोचते. चिकणमातीचे प्रमाण असलेली माती १०-१५ सेंटिमीटरच्या थरांत घालून प्रत्येक थर धुमसाने ठोकून बसवावा. मात्र मातीची वरची पातळी भिंतीतील ओलरोधक थराच्या आणि हवेसाठी ठेवलेल्या छिद्रांच्या किमान १५ सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे, नाही तर तळघर वाचवण्याच्या नादात वरच्या मजल्याची भिंत ओली व्हायची. जागेअभावी तीन मीटर उतार देता येत नसेल, तर शक्य तितक्या अंतरावर उथळ चर काढून पाणी घराच्या बाजूने वळवून न्यावे. भिंतीलगतचे फुलझाडांचे वाफे पाहून घ्यावेत. त्यांची कड उंच असली की त्यांत पाणी तुंबून राहते, आणि रोजच्या शिंपणाची त्यात भर पडते. फरसबंदी आणि भिंत यांच्यामधील फट लवचिक सीलंटने भरावी. अंगठ्याएवढ्या रुंद फटीतूनही एका सरीत बादल्याच्या बादल्या पाणी खाली जाते.

तळघराच्या खिडक्यांपुढे जमिनीत खड्डा केलेला असेल, तर त्याची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच असावी, तळाशी खडीचा थर आणि निचऱ्याचा पाइप असावा, वर पारदर्शक झाकण असावे. ही खिडकी सुटकेचा मार्ग म्हणून ठेवलेली असेल तर झाकण आतून सहज उघडणारेच हवे.

एवढे झाल्यावर थांबावे आणि दोन-तीन चांगले पाऊस जाऊ द्यावेत. भिंत फोडण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

भेगा

प्रत्येक भेग दुरुस्त करण्याआधी ती वाचावी लागते. काँक्रीटच्या भिंतीतील केसाएवढी, साधारण उभी भेग बहुधा काँक्रीट वाळताना आकसल्याने पडलेली असते. तिच्यातून पाणी येते, पण इमारतीला तिच्यापासून धोका नसतो. भिंतीच्या मध्यावर आडवी गेलेली भेग, तिच्याबरोबर आत आलेला फुगवटा, एका टोकाला रुंद होत जाणारी तिरपी भेग, किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भेग या गोष्टी वेगळ्या. पहिल्या दोन मातीच्या दाबाने भिंत हरत असल्याचे सांगतात, उरलेल्या दोन बहुतेकदा पाया खचत असल्याचे. अशा भेगांवर स्वतः काही लिंपू नये. बांधकाम अभियंत्याला बोलवावे. शंका असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहावी, मधोमध रुंदी मोजून नोंदवावी आणि काही महिने पाहत राहावे. भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पातळ पट्टी तडकली, तर भिंत अजून हलत आहे यात शंका उरत नाही.

स्थिर भेगेतून किंवा छिद्रातून पाणी वाहत असेल, तर हायड्रॉलिक सिमेंट वापरावे, ज्याला बाजारात वॉटर प्लग असेही म्हणतात. ते पाण्यातही तीन ते पाच मिनिटांत घट्ट होते आणि घट्ट होताना किंचित प्रसरण पावते. छिन्नी-हातोड्याने भेग साधारण दोन सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल करावी, पण खाच आतल्या बाजूला जास्त रुंद आणि तोंडाशी अरुंद राहील अशी कापावी. तोंडाशी रुंद असलेल्या खाचेतला गोळा पाणी सहज बाहेर ढकलते. आत रुंद असलेल्या खाचेत प्रसरण पावणारे सिमेंट अडकून बसते. खाच तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, ओली ठेवावी. सिमेंट एका वेळी मूठभरच कालवावे, हातमोजे घालून त्याचा गोळा करावा, तो कोमट लागू लागला की खाचेत दाबावा आणि हात न हलवता तीन-चार मिनिटे धरून ठेवावा. लांब भेगेचे काम वरून खाली करत यावे, म्हणजे सर्वांत जास्त दाबाची जागा शेवटी उरते. तिथे धार जोरात असेल तर आधी लहान पाइपाचा तुकडा बसवून पाणी त्यातून मोकळे वाहू द्यावे, भोवतालचे सिमेंट पूर्ण कठीण झाल्यावर पाइप काढून ते छिद्र बंद करावे. वाहत्या धारेशी झटापट करण्यापेक्षा तिला थोडा वेळ वाट देणे केव्हाही सोपे.

हायड्रॉलिक सिमेंट ठिसूळ असते आणि ते भिंतीचे दोन-अडीच सेंटिमीटरच भरते. भेगेचा उरलेला भाग मागे तसाच राहतो. भिंतीच्या पूर्ण जाडीत भेग बंद करायची तर ग्राउटिंग, म्हणजे भेगेत दाबाने रसायन भरणे, करावे लागते. त्यासाठी दोन रसायने प्रचलित आहेत आणि त्यांची निवड अनेकदा चुकते. इपॉक्सी भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट जोडते, पण तिला कोरडी भेग लागते आणि ती लवचिक नसते; भेग पडण्याचे मूळ कारण कायम असेल तर इपॉक्सी टिकते आणि तिच्या शेजारचे काँक्रीट नव्याने फुटते. पॉलियुरेथेन, म्हणजे बोलीभाषेतले पीयू, पाण्याशी संयोग पावून फेसाळते, फुगते आणि लवचिक राहते. त्यामुळे ओल्या, गळत्या भेगेसाठी पीयू हाच योग्य पर्याय होय; भिंतीची ताकद मात्र त्याने वाढत नाही. पीयूसाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून तिरपी छिद्रे पाडतात, ती भिंतीच्या जाडीच्या मध्यावर भेगेला छेदतील अशी, आणि त्यांत नॉझल बसवतात. रसायन सर्वांत खालच्या नॉझलपासून भरायला सुरुवात करावी आणि वरच्या नॉझलमधून ते बाहेर येऊ लागले की पुढे सरकावे. भेग कोरडी पडली असेल तर आधी थोडे पाणी भरून ती ओली करून घ्यावी. हे काम घरी करता येते, पण चष्मा, हातमोजे आणि वायुवीजन यांशिवाय नव्हे. काँक्रीट कापताना किंवा छिद्रे पाडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा साध्या रुमालावर भागवू नये, धुळीसाठीचा योग्य मास्क वापरावा.

पाइप आणि वायरी भिंतीतून जिथे आत येतात, तिथली फट नुसत्या सिमेंटने भरू नये. पाइप थोडा का होईना हलतो, आणि सिमेंट त्याच्यापासून सुटते. भोवतालचा सैल माल काढून, फट खोलवर साफ करून लवचिक पीयू सीलंट भरावे.

फरशी आणि भिंत यांचा सांधा

बहुतेक घरांत भिंत आणि फरशी वेगवेगळ्या दिवशी ओतलेली असतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये सांधा राहतोच, आणि पाण्याची पातळी फरशीच्या वर चढली की पाणी तिथूनच वर येते. हा सांधा आतून सिमेंटने बुजवला तर काही दिवस यश आल्यासारखे वाटते. मग पाणी फरशीच्या मधल्या तड्यातून निघते, कारण फरशीखालचा दाब कुठेच गेलेला नसतो. पाणी अगदी थोडे असेल तरच सांध्यावर खाच मारून भरणे आणि वर गोलाई करणे पुरते.

पाणी जास्त असेल तर आतून निचरा करावा लागतो. भिंतीलगत फरशीची ३० ते ४५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापून चर खणतात, त्यात खडीचा थर देऊन सच्छिद्र पाइप टाकतात, तो एका खड्ड्याकडे उतरता नेतात आणि वरून पुन्हा काँक्रीट करतात. भिंतीतून येणारे पाणीही याच चरात उतरावे म्हणून भिंतीच्या तळाशी उठावाचा, म्हणजे फुगीर ठिपक्यांचा, प्लास्टिक पत्रा लावून त्याची खालची कड चरात सोडतात. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर सर्वांत खालच्या थरात छिद्रे पाडून आत साठलेले पाणी मोकळे करतात. चर पायाच्या तळापेक्षा खोल जाता कामा नये. आणि कापण्याआधी एक खात्री अवश्य करावी: काही घरांत तळघराची फरशी हीच संपूर्ण इमारतीचा भार पेलणारी पायाची स्लॅब असते. ती कापायची नसते. नकाशे उपलब्ध नसतील तर हे अभियंत्याकडून ठरवून घ्यावे.

खड्डा आणि पंप

निचऱ्याचे पाणी आपोआप बाहेर जाईल इतका उतार क्वचितच मिळतो, म्हणून खड्ड्यात तरंगत्या स्विचचा पंप बसवतात. त्याची क्षमता अंदाजाने ठरवू नये. जोरदार पावसात पंप बंद ठेवून खड्ड्यातील पाणी एका मिनिटात किती चढते ते मोजावे. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या गोल खड्ड्यात पाणी एक सेंटिमीटर चढणे म्हणजे सुमारे १.६ लिटर, मिनिटाला १० सेंटिमीटर चढत असेल तर १६ लिटर पाणी येत आहे. पंप याच्या किमान दुप्पट पाणी, आणि तेही बाहेर टाकण्याच्या उंचीपर्यंत, उचलणारा असावा. पंपावर छापलेला मोठा आकडा बहुधा शून्य उंचीचा असतो.

पंपाच्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाही तर पाइपातले पाणी प्रत्येक वेळी परत खड्ड्यात येते आणि पंप विनाकारण चालू-बंद होत राहतो. बाहेरचे टोक भिंतीपासून दूर, उताराच्या दिशेने सोडावे. तेच पाणी पुन्हा पायाशी मुरून खड्ड्यात येत असल्याची उदाहरणे कमी नाहीत. मुसळधार पाऊस आणि वीज जाणे या गोष्टी बऱ्याचदा एकत्र येतात, तेव्हा बॅटरीवर चालणारा दुसरा पंप चैनीचा समजू नये. पावसाळ्याआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप सुरू होतो का ते पाहावे, जाळीतला गाळ काढावा, आणि स्विचचा तरंगता गोळा खड्ड्याच्या कडेला अडकत नाही ना ते तपासावे.

आतून लेप

आतला लेप कुठेच उपयोगाचा नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बाहेरची कामे झाल्यावर भिंत नुसती ओलसर राहत असेल, तर सिमेंटआधारित लेप चांगले काम देतात. क्रिस्टलाइन प्रकारचा लेप काँक्रीटमधील चुना आणि ओलावा यांच्याशी रासायनिक क्रिया करून सूक्ष्म छिद्रांत स्फटिक तयार करतो, म्हणजे तो पृष्ठभागावर चिकटून राहण्यावर अवलंबून नसतो. त्यासाठी भिंत उघडी हवी. जुना रंग, सुटलेला गिलावा, लोणा सगळे खरवडून काढावे. रंगावर लावलेला लेप रंगाबरोबरच पडतो. भिंत आधी चांगली भिजवून, पृष्ठभागावर पाणी ओघळणार नाही इतपत निथळू देऊन, ताठ ब्रशने पहिला हात द्यावा आणि दुसरा हात आडव्या दिशेने. नंतर दोन-तीन दिवस हलके पाणी फवारत राहावे. लेप लवकर वाळला तर त्यातली क्रिया अर्धवट राहते.

बाहेरून खोदकाम

भिंतीला बाहेरून पडदा, म्हणजे पाणी अडवणारा सलग थर, लावणे हा तत्त्वतः सर्वांत बरोबर उपाय आहे, कारण तिथे पाण्याचा दाब पडद्याला भिंतीपासून सुटवत नाही, उलट भिंतीवर दाबून बसवतो. तो सर्वांत खर्चिक आणि सर्वांत धोकादायकही आहे. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड असते. छातीइतक्या खोल चराची बाजू ढासळली तर आतला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार दिल्याशिवाय कोणीही उतरू नये, आणि माती भुसभुशीत असेल तर त्याहून उथळ चरातही नाही. हे काम जाणकार ठेकेदाराकडे द्यावे, पण त्याने काय करायला हवे ते मालकाला माहीत असावे.

सगळ्या बाजू एकाच वेळी उघड्या करू नयेत. भिंतीचा आधार एकदम जातो. पायापर्यंत खणून भिंत धुऊन कोरडी करावी, भेगा व खड्डे भरून मगच पडदा किंवा जाड लवचिक लेप द्यावा, आणि त्याचे मातीतल्या दगडांपासून रक्षण करणारा उठावाचा पत्रा वर लावावा. पायाच्या बाजूला सच्छिद्र पाइप खडीत बसवावा. पाइपाची वरची कड आतल्या फरशीच्या पातळीखाली असावी, पण पाइप पायाच्या तळाखाली जाऊ नये. छिद्रे खाली तोंड करून ठेवावीत. ती वर असावीत असे अनेकांना वाटते. परंतु पाणी खडीत तळापासून वर चढते, आणि छिद्रे खाली असली की ते कमी पातळीवरच पाइपात शिरून निघून जाते. दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्यावा. पाइप आणि खडी यांच्याभोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, गुंडाळावे, नाही तर काही वर्षांत गाळ शिरून सगळी व्यवस्था बुजते. वरचा ३० सेंटिमीटरचा थर चिकणमातीचा करून उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. चर बुजवण्याआधी पाइपात नळीने पाणी सोडून ते दुसऱ्या टोकाला निघते का ते समक्ष पाहावे. माती पडल्यावर हे पाहता येत नाही.

वाळवणे आणि पुन्हा मांडणी

भिजलेले गालिचे, पुठ्ठे, जिप्सम बोर्ड एक-दोन दिवसांत वाळवता आले नाहीत तर त्यांवर बुरशी धरते. असे सामान वाचवत बसण्यापेक्षा टाकून द्यावे. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच खिडक्या उघडून पंखे लावावेत, एरवी तळघर बंद ठेवून हवेतील ओलावा शोषणारे यंत्र चालवावे. जाड भिंत आतून वाळायला आठवडेच काय, महिनेही लागतात, आणि त्या काळात थोडा लोणा पुन्हा दिसला म्हणून दुरुस्ती फसली असे मानू नये. प्लास्टिकच्या तुकड्याची चाचणी दर महिन्याला त्याच जागी करून निकाल तारखेसह लिहून ठेवावा.

नवा रंग, लाकडी तक्तपोशी किंवा फरशीवरचे आच्छादन एक पूर्ण पावसाळा कोरडा गेल्याशिवाय लावू नये. त्यानंतरही कपाटे भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर सुटी आणि पायांवर उचललेली ठेवावीत, आणि तक्तपोशी करायचीच असेल तर जिथे पूर्वी गळती होती तिथला तक्ता स्क्रूने काढता येईल असा बसवावा.